हद्द उघडली, पण दुसरा डोस झाला का?



२०२१ च्या अखेरीस गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले की बोलणं कोरोनावर यायचंच. एक जण म्हणायची, "आता शाळा सुरू झाल्या, बाजार भरतो, लग्नं लागतात. मग सुई काहून घ्यायची?" दुसरी म्हणायची, "बाहेरून माणसं येऊ दिली म्हणून रोग आला. हद्द बंदच ठेवायला पाहिजे होती." दोघींचंही म्हणणं साधं होतं, आणि त्यात कुणाचा अडाणीपणा नव्हता. पण हे दोन प्रश्न एकमेकांना बांधलेले आहेत. हद्द बंद करून काय मिळतं, लस घेऊन काय मिळतं, हे नीट कळलं तर आपल्या घरापुरता निर्णय आपल्याला घेता येतो. म्हणून हा लेख.

हद्द बंद कशी झाली, उघडली कशी

आपला जिंतूर तालुका जिल्ह्याच्या कोपऱ्यात आहे. एका अंगाला जालना, दुसऱ्या अंगाला हिंगोली, वरच्या बाजूला बुलढाणा. चारठाण्याच्या कितीतरी घरांत लेक मंठ्याकडं दिलेली आहे, नाहीतर सून तिकडून आणलेली आहे. परतूर-मंठ्याचा तो भाग १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तोपर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. त्यामुळे नकाशावर हद्द असली तरी सोयरिकीत ती आपल्याला कधी जाणवली नव्हती.

ती जाणवली २०२० साली. २३ मार्चला राज्याने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या आणि दोन दिवसांत देशभर टाळेबंदी लागली. माहेरी जायला पास, दवाखान्यात जायला पास. २० ऑगस्टला एसटी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात सुरू झाली, तिला पास लागत नव्हता. खाजगी गाडीला मात्र लागत होता. भरल्या एसटीत बसलं तर चालतं आणि घरच्या चार माणसांनी जीप केली तर अडवतात, असं कसं, हे कोडं कुणालाच सुटत नव्हतं. शेवटी २ सप्टेंबरपासून पास बंद झाला.

दुसरी लाट आली तेव्हा २२ एप्रिल २०२१ पासून पुन्हा जिल्हाबंदी झाली. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, नियम मोडला तर ५० हजार दंड. ७ जूनला राज्याने जिल्हे उघडायला सुरुवात केली तेव्हा पाच स्तर ठरवले. तपासलेल्या शंभर जणांत किती जणांना लागण निघते आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्यात, या दोन गोष्टींवर जिल्ह्याचा स्तर ठरत होता. लागण पाचपेक्षा कमी आणि खाटा पावपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे सगळ्यात जास्त मोकळीक.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. हद्द उघडताना सरकारने "रोग संपला का" असं विचारलं नाही. "माणूस अत्यवस्थ झाला तर त्याला खाट आणि ऑक्सिजन मिळेल का" हे विचारलं. म्हणजे उघडलेली हद्द ही रोग गेल्याची खूण नव्हे.

हद्द काय करते, लस काय करते

पावसाचं पाणी शेतात थांबावं म्हणून आपण बांध घालतो. बांधाने पाणी काही वेळ अडतं, पण आभाळातून येणारं पाणी बांध बंद करू शकत नाही. हद्दीचंही तसंच आहे. ती वेळ मिळवून देते. त्या वेळेत खाटा वाढवायच्या, ऑक्सिजन आणायचा, लस टोचायची. वेळ मिळाला आणि यातलं काही केलं नाही, तर हद्द उघडल्यावर आपण होतो तिथंच.

२०२१ चंच उदाहरण घ्या. २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने विषाणूचा नवा प्रकार सापडल्याचं कळवलं. २६ तारखेला त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळालं. बऱ्याच देशांनी तिकडची विमानं ताबडतोब बंद केली. आपल्या देशानेही १५ डिसेंबरपासून परदेशी विमानसेवा नेहमीसारखी सुरू करायचं ठरवलं होतं, ते पुढे ढकललं. तरी ४ डिसेंबरला आपल्या राज्यातला पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडलाच. तो प्रवासी नवा प्रकार जाहीर झाला त्याच दिवशी मुंबईत उतरलेला होता. दार लावेपर्यंत पाहुणा घरात आलेला असतो, तो असा.

आणि हद्द कायमची बंद ठेवली तर? कापूस, सोयाबीन विकायला कुठं न्यायचं? ऊसतोडीला गेलेल्या जोड्या परत कशा येणार? बाळंतपण अडलं तर परभणी किंवा जालना गाठायचं कसं? बंद हद्दीची सगळ्यात मोठी किंमत हातावर पोट असणाऱ्यालाच द्यावी लागते. २०२० च्या उन्हाळ्यात ती कुणी दिली हे आपल्याला सांगायला नको.

आता लस. हरभरा पेरायच्या आधी आपण बियाण्याला बीजप्रक्रिया करतो. त्यानं शेतात मर रोग येणारच नाही असं नसतं, पण रोग आला तरी सगळं रान वाळून जात नाही. लसीचं काम असंच. ती आपल्या अंगाला रोगाची आधी ओळख करून देते. पुढं खरा विषाणू आला की अंग लवकर तयार होतं. सर्दी-ताप येऊ शकतो, पण ऑक्सिजन लागण्याची आणि जीव जाण्याची शक्यता खूप कमी होते. म्हणजे ज्या ऑक्सिजनच्या खाटांवर हद्द उघडायची की नाही हे ठरत होतं, त्या खाटा रिकाम्या ठेवण्याचं काम लस करते. हद्द उघडी ठेवायची असेल तर त्याचा रस्ता दंडावरच्या सुईतून जातो.

बैठकीत ऐकू येणाऱ्या शंका

"लस घेतली तरी कोरोना होतो म्हणं." होतो. पण झालेला कोरोना घरी बरा होणारा असावा, हा लसीचा हेतू आहे.

"एक डोस झाला, तेवढा बास." हरभऱ्याला पहिलं पाणी दिलं आणि घाटे भरताना दुसरं दिलंच नाही तर काय होतं? पहिल्या डोसने अंग जागं होतं, दुसऱ्याने पक्कं होतं. २०२१ च्या अखेरीस कोविशील्डचा दुसरा डोस १२ ते १६ आठवड्यांनी, म्हणजे ८४ दिवस झाल्यावर घ्यायचा होता. पहिला १५ सप्टेंबरला घेतला असेल तर दुसरा ८ डिसेंबरपासून घेता येत होता. कोव्हॅक्सिन घेतली असेल तर २८ दिवसांनी.

"सुईनं ताप येतो, रोज बुडतो." एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड दुखणं हे बऱ्याच जणींना होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन दिवसांचा रोज ही छोटी गोष्ट नाही. म्हणून एकाच घरातल्या सगळ्यांनी एका दिवशी न जाता आळीपाळीने जावं.

"माणसं मरतात म्हणं सुईनं." यावर उडवून लावणारं उत्तर देऊ नका, खरं ते सांगा. रक्तात गाठी होण्याचा गंभीर त्रास फार क्वचित होतो. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे कोविशील्डच्या दहा लाख डोसमागे असा त्रास एकापेक्षाही कमी जणांना झाला. तरी लस घेतल्यावर २० दिवसांच्या आत धाप लागली, छातीत दुखलं, पायाला सूज आली किंवा न थांबणारी डोकेदुखी झाली तर लगेच दवाखाना गाठायचा. पहिल्या डोसला अंगभर पुरळ, घुसमट असा जोराचा त्रास झाला असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायला सांगत होते ते याचसाठी. घाईने उठून यायचं नव्हतं.

"पाळीत चालते का? लेकरू राहत नाही म्हणं." पाळीत चालते. लसीने वांझपण येत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला २०२१ च्या मे महिन्यापासून आणि गरोदर बाईला २ जुलैपासून लस घ्यायला परवानगी मिळाली. गरोदरपणात कोरोना झाला तर आईला धोका जास्त असतो, म्हणून नर्सताईशी बोलून घ्या.

"मला कोरोना होऊन गेला." मग बरं झाल्यापासून तीन महिने थांबून घ्यायची, असा २०२१ साली नियम होता.

ज्या आजी म्हणतात "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", त्यांच्या दंडावर किंवा मनगटाजवळ देवीच्या लसीचा वण बघा. आपल्या देशात देवीची पहिली लस १४ जून १८०२ ला मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. तेव्हाही लोक घाबरतच होते. आज देवीचा रोग जगात कुठंच नाही. पोलिओचं तर आपण डोळ्यांनी बघितलं. बूथवर, एसटी स्टँडवर, वीटभट्टीवर, जाता-येता लेकरांना दोन थेंब पाजले. त्यासाठी कुठली हद्द बंद केली नाही. जिथून माणसं जातात तिथंच लस नेऊन ठेवली. २०११ च्या जानेवारीनंतर देशात वाइल्ड पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही.

कागद वेगळा, कवच वेगळं

२७ नोव्हेंबर २०२१ ला राज्याने नवा आदेश काढला. बस, जीपसारख्या वाहनातून प्रवास करायचा असेल, दुकानात किंवा कार्यक्रमाला जायचं असेल तर लस पूर्ण झालेली पाहिजे होती. पूर्ण म्हणजे दोन डोस आणि दुसऱ्यानंतर १४ दिवस. १८ वर्षांखालच्यांना आणि आजारपणामुळे लस घेता येत नाही असा डॉक्टरचा दाखला असणाऱ्यांना यातून सूट होती. नियम मोडला तर ५०० रुपये दंड होता.

त्यामुळे काही जणी "फक्त सर्टिफिकेट मिळालं पाहिजे" असं बोलायला लागल्या. इथं थोडं थांबून विचार करा. सर्टिफिकेट सांगतं की तुम्ही लस घेतली. आज तुमच्या नाकात-घशात विषाणू आहे की नाही हे ते सांगत नाही, ते तपासणीच सांगते. म्हणूनच जुलैअखेरीस कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना दोन डोस झालेले असले तरी तपासणीचा कागद मागितला होता. तेव्हा एसटीचा संप होता, काळी-पिवळीत आपण एकमेकींच्या मांडीवर बसून जात होतो. सर्टिफिकेट पिशवीत असलं तरी तोंडाला पदर किंवा मास्क पाहिजेच होता. आणि न घेतलेल्या लसीचं सर्टिफिकेट तर पोलिसाला फसवेल, रोगाला फसवणार नाही.

धाक की समजूत?

औरंगाबाद जिल्ह्यात नोव्हेंबरमध्ये हुकूम निघाला: निदान एक डोस घेतलेला नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल मिळणार नाही. ३ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी निम्म्याहून कमी लोकांचा पहिला डोस झालेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली होती. त्यात औरंगाबादसोबत आपले शेजारी हिंगोली, नांदेड, बुलढाणाही होते.

या हुकुमावर आपल्यात दोन मतं आहेत. काहींना वाटतं, धाकाशिवाय माणूस हलत नाही. काहींना वाटतं, रेशन हा गरिबाच्या पोटाचा हक्क आहे, तो सुईला बांधू नये. दोन्ही मतांना जागा आहे. पण धाकाने रांग वाढते, शंका तशीच राहते, हेही खरं. धाकाने आलेली बाई पहिला डोस घेते आणि दुसऱ्याला फिरकत नाही. जिला कुणी तरी बसून समजावलं ती दुसऱ्याला स्वतः येते आणि जावेलाही घेऊन येते. हे काम तहसीलदार करू शकत नाहीत. ते गटाला जमतं, कारण गटात आपण एकमेकींना नावानं ओळखतो.

गटानं काय करायचं

१. पुढच्या बैठकीत हजेरीसोबत विचारा: पहिला झाला का, दुसरा कधी? इतिवृत्तात तारीख लिहा. जिची तारीख झाली तिला सीआरपी ताईंनी आठवण करावी. जिला घ्यायचं नाही तिला सगळ्यांसमोर बोलू नका, तिच्या घरी जाऊन का ते विचारा.

२. डिसेंबर २०२१ मध्ये एका मोबाइल नंबरवर चार जणांचीच नोंद होत होती. घरात पाच-सहा मोठी माणसं असतील तर बहुतेक वेळा म्हातारी आणि सूनच राहून जायची. अशा घरासाठी गटातल्या मैत्रिणीचा नंबर द्यायचा. मोबाइल नसेल तरी आधार कार्ड घेऊन केंद्रावर गेलं की नोंद होत होती.

३. दुसऱ्या डोसला जाताना पहिल्या वेळी दिलेला तोच नंबर सांगायचा, नाहीतर तुमचा दुसरा डोस पहिला म्हणून चढायचा. नाव-वय बरोबर आहे का हे तिथंच वाचून घ्यायचं.

४. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर आशाताईंना सांगायचं. २०२१ च्या अखेरीस घरोघरी लसीकरणाची 'हर घर दस्तक' मोहीम चालू होती.

५. ऊसतोडीला गेलेल्या बायांना फोन करायचा. लस कुठंही घेता येत होती, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातसुद्धा. गावी परत येईपर्यंत थांबायची गरज नव्हती.

१ डिसेंबर २०२१ पासून आपल्याकडं पहिली ते चौथीची शाळाही भरायला लागली. एवढ्या लहान लेकरांना तेव्हा लस नव्हती. त्यांचं कवच म्हणजे त्यांच्या भोवतालची मोठी माणसं होती, आई, आजी, गुरुजी.

२०२२ ची संक्रांत १४ जानेवारीला होती. त्या दिवशी 'लस पूर्ण' व्हायची असेल तर दुसरा डोस ३१ डिसेंबरपर्यंत घ्यावा लागणार होता. ज्यांचे ८४ दिवस भरले होते त्यांनी लगेच जाऊन यायचं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला तिळगूळ देताना एवढंच विचारायचं होतं, "बाई, दुसरा झाला का?"