पुलगांव-आर्वीची आगगाडी

माथेरानच्या छोट्या गाडीचें कौतुक आमच्या बहुतेक वाचकांनीं केलेलें असेल; दार्जिलिंगच्या गाडीस तर १९९९ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. डोंगर, दऱ्या आणि धुकें जेथें आहे, तेथें रुळांच्या दुतर्फा काय पाहावें हें कोणास सांगावें लागत नाहीं. परंतु वर्धा जिल्ह्यांत पुलगांवाहून आर्वीस जाणारी जी अडीच फुटी रुळांची गाडी होती, तिच्या वाट्यास असें कौतुक फारसें आलें नाहीं. ती काळ्या, जवळजवळ सपाट रानांतून जात असे. आमच्या मतें तें रानही पाहण्यासारखें होतें. मात्र तें कापसाच्या दृष्टीनें पाहावयास हवें.

मुंबईचा मोठा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळें विलायतेंतील गिरण्यांची नजर हिंदी कापसाकडे वळलेलीच होती. आर्वी ही कापसाची मोठी पेठ, पण त्या मार्गापासून दूर पडलेली. तेव्हां १९१७ सालीं सुमारें ३५ किलोमीटरांची ही फांदी घातली गेली. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, व तिचा कारभार किलिक निक्सन या पेढीकडे.

पुलगांवची कापडगिरणी मागें टाकून गाडी उत्तरेस वळे. सोरटा, विरूळ, रोहणा अशीं गांवें एकामागून एक येत. वर्धा नदी पश्चिमेस, पण दृष्टीआड. कडेला बाभळी, मधूनमधून पळस. फाल्गुनांत पळस फुलला म्हणजे काळ्या रानाला जी शोभा येते, तिच्यापुढें आम्हांस तरी माथेरानचें धुकें फिकें वाटतें. मार्गशीर्षांत बोंडें फुटलेलीं शेतें, आणि पेठ जवळ आली कीं सरकी काढण्याच्या व गांठी दाबण्याच्या कारखान्यांचीं धुराडीं.

परंतु खरा पाहण्याचा विषय रुळांखालचा आहे. ही काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर घातलेला भराव कधीं उचलतो, कधीं एका अंगानें खचतो. म्हणून पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या, कडेचे चर आणि पुनःपुन्हां ओतलेली खडी यांनाच अशा मार्गावर मोठें महत्त्व. जी माती कापूस पिकवी, तीच कापूस वाहणाऱ्या रुळांस स्वस्थ बसूं देत नसे!

याच कंपनीच्या मुर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर, जिला लोक प्रेमानें शकुंतला म्हणत, १९२१ सालीं मँचेस्टरास घडलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत राबलें. कापूस ज्या मँचेस्टरकडे जाई, तेथूनच तो ओढणारें इंजिन यावें, हा व्यापाराचा हिशेब मोठा चोख म्हटला पाहिजे. आर्वीच्या गाडीसही पुढें लोकांनीं शकुंतला हेंच नांव दिलें.

१९५१ सालीं देशांतील रेल्वे सरकारच्या एका छत्राखालीं आल्या, तरी या फांद्या कंपनीच्याच राहिल्या. गाड्या मात्र मध्य रेल्वे चालवी. घर एकाचें आणि राहणारा दुसरा, अशा वाड्याचीं कौलें कोणीं शाकारावींत? भाडेकरू म्हणतो मालकानें, मालक म्हणतो भाडेकरूनें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें अधिक फोडून सांगण्याचें कारण नाहीं. त्यांतच मोटारगाड्या व मालमोटारी वाढल्या, आणि आर्वीची गाडी बंद पडली.

आतां रुंद रूळ टाकण्याची मागणी आहे, व ती रास्त आहे. आर्वीकरांनीं आमच्या पळसासाठीं मोटारींतून धक्के खात बसावें असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र काम सुरू होण्यापूर्वीं जुन्या मोऱ्या, फलाट व खांब यांचीं छायाचित्रें व मोजमापें कोणीतरी घेऊन ठेवावींत. अरुंद डब्यांतील प्रत्येक गांठ पुलगांवास उतरवून मोठ्या डब्यांत पुन्हां चढवावी लागे. तें काम केलेल्या हमालांच्या घरच्यांकडूनही चार गोष्टी लिहून घ्याव्यात. रुंद रूळ आल्यावर त्या हमालीचें कारणच उरणार नाहीं.