अक्षरओळखीनंतरची साक्षरता

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. मृत पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. मुले पळविणारी टोळी परिसरात आली आहे, अशा आशयाचे संदेश त्याआधीपासून मोबाइलवर फिरत होते. त्या वर्षी देशाच्या अनेक भागांत अशाच अफवांनी बळी घेतले आणि अखेर जुलै महिन्यात व्हॉट्सअॅपला भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घालावी लागली.

या अफवांबरोबर फिरणारी एक चित्रफीत फार बोलकी होती. दुचाकीवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. चित्रफीत बनावट नव्हती, तर अपुरी होती. कराचीतील एका स्वयंसेवी संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती तयार केली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला सोडतात आणि जनजागृतीचा फलक दाखवतात. हा शेवट कुणीतरी कापला. उरलेला भाग कितीही बारकाईने, कितीही वेळा पाहिला तरी तो पाकिस्तानातला आहे आणि पुढे काय होते, हे कळण्याचा मार्ग त्यात नव्हता. ते कळायचे तर चित्रफीत बाजूला ठेवून अन्यत्र शोध घेणे भाग होते.

हे संदेश वाचणारे आणि पुढे धाडणारे लोक रूढ अर्थाने निरक्षर नव्हते. युनेस्कोने १९५८ मध्ये केलेल्या व्याख्येप्रमाणे, दैनंदिन जीवनाविषयीचे छोटे, साधे विधान समजून वाचू आणि लिहू शकणारी व्यक्ती साक्षर होय. आपली जनगणनाही सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकते, तिला साक्षर मानते. या कसोटीवर २०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती. मजकूर समजणे म्हणजे साक्षरता, असे हे सूत्र आहे. मजकूर समजला, पण तो कुठून आला आणि त्यावर विसंबावे का, या प्रश्नाला त्यात जागा नाही. छापील मजकुराच्या काळात ते खपून जात असे, कारण वाचकापर्यंत पोहोचण्यापूर्वी मजकूर संपादक, प्रकाशक, पाठ्यपुस्तक मंडळ अशा कुणाच्या तरी हाताखालून गेलेला असे. ती चाळणी निर्दोष होती असे नाही, पण ती होती.

संगणक आल्यानंतर 'संगणक साक्षरता' हा शब्द रुळला. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचे फलक गल्लोगल्ली झळकू लागले आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरू लागले. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण भागातील सहा कोटी लोकांसाठी डिजिटल साक्षरता अभियान हाती घेतले. मार्च २०२४ मध्ये ते संपले, तेव्हा उद्दिष्टापेक्षा अधिक लोकांचे प्रशिक्षण झाले होते. उपकरण हाताळणे, ईमेल पाठविणे, महाजालावर माहिती शोधणे, सरकारी सेवा घेणे, पैसे चुकते करणे असे या शिक्षणाचे स्वरूप होते. हे सारे उपयुक्तच आहे. मात्र गाडी चालविण्याच्या परवान्यासाठी फक्त स्टिअरिंग, ब्रेक आणि गिअरची माहिती विचारावी आणि रस्त्याचे नियम सोडून द्यावेत, तसा हा प्रकार झाला.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालांवरून हे अंतर किती झपाट्याने वाढते आहे, ते दिसते. २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील मुलांना स्मार्टफोनवर गजर लावणे, माहिती शोधणे, यूट्यूबवरील चित्रफीत शोधून मित्राला पाठविणे, नकाशावर प्रवासाचा वेळ काढणे अशी कामे करायला सांगितली होती. चित्रफीत शोधण्यात मुले तरबेज निघाली. सुमारे ८० टक्के मुलांना ते जमले आणि त्यांपैकी जवळजवळ सर्वांना ती पुढे पाठविताही आली. त्याच पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अडखळल्यावाचून वाचता येत नव्हता. म्हणजे 'फॉरवर्ड' करण्याची विद्या वाचनाच्या आधीच घरोघर पोहोचली आहे.

वाचन पक्के झाले की प्रश्न सुटेल, असे यावर कुणी म्हणेल. शिक्षणशास्त्रातही अनेक वर्षे असाच समज होता. त्याला मोठा तडा गेला तो अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात.

सॅम वाइनबर्ग हे तेथील शिक्षणतज्ज्ञ. इतिहासकार जुनी कागदपत्रे कशी वाचतात, लेखक कोण, त्याचा हेतू काय, हे प्रश्न ते कसे विचारतात, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. सारा मॅग्रू यांच्यासह त्यांनी एक प्रयोग केला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. इतिहासाचे १० प्राध्यापक-संशोधक, वृत्तमाध्यमांसाठी तथ्यांची शहानिशा करणारे १० व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना संगणकासमोर बसवून त्यांनी काही संकेतस्थळे पारखायला दिली. त्यांतली दोन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांची होती. एक अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, १९३० मध्ये स्थापन झालेली, हजारो सदस्यांची, त्या क्षेत्रातील प्रमुख संघटना. दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला अॅकॅडमीने पाठिंबा दिला, तेव्हा त्या भूमिकेशी न पटलेल्या मूठभर डॉक्टरांनी २००२ मध्ये काढलेला हा गट. नावे इतकी सारखी की आपल्याकडे एकाच गावात 'जुने' आणि 'मूळ' अशा दोन मिठाईवाल्यांची आठवण व्हावी.

विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्यांना दुसरे संकेतस्थळ अधिक विश्वासार्ह वाटले. मांडणी नेटकी, तळटीपा व्यवस्थित, जाहिराती नाहीत, पत्त्याच्या शेवटी 'ऑर्ग'! हे एक वेळ समजण्यासारखे आहे. धक्का दिला तो इतिहासकारांनी. जन्मभर दस्तऐवजांची चिकित्सा करणारी ही मंडळी, पण त्यांच्यातील अनेकांना ठाम निर्णय घेता आला नाही. तथ्य तपासणारे मात्र सर्वच्या सर्व योग्य उत्तरापर्यंत, तेही फार कमी वेळात पोहोचले.

फरक बुद्धीचा नव्हता, वाचण्याच्या दिशेचा होता. विद्यार्थी आणि इतिहासकार समोरचे पान वरून खाली, लक्षपूर्वक वाचत गेले. तथ्य तपासणाऱ्यांनी ते पान जवळजवळ वाचलेच नाही. क्षणभर नजर फिरवून त्यांनी शेजारी नवी खिडकी उघडली, संघटनेचे नाव शोधले आणि तिच्याविषयी इतर काय म्हणतात, ते पाहिले. शोधाचे निकाल समोर आल्यावर पहिल्याच दुव्यावर झडप न घालता त्यांनी आधी संपूर्ण यादी चाळली. या पद्धतीला वाइनबर्ग यांनी 'लॅटरल रीडिंग', म्हणजे आडवे वाचन, असे नाव दिले. अनोळखी पाहुणा दारात आला, तर त्याची ओळख त्यालाच विचारून कोणी थांबत नाही. गावात चौकशी केली जाते. आडवे वाचन ते हेच. एरवी सोयरीक जुळविताना आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालत आले आहे.

येथे शाळेची खरी अडचण सुरू होते. लक्ष देऊन वाचा, शेवटपर्यंत वाचा, मध्येच सोडू नका, ही शाळेने शिकविलेली उत्तम सवय. कादंबरी, कविता, गणिताचा सिद्धान्त यांसाठी ती अपरिहार्यच आहे. परंतु ज्याने ते पान वाचकाला फसविण्यासाठीच रचले आहे, त्याच्या दृष्टीने असा एकाग्र वाचक म्हणजे आयते गिऱ्हाईक. म्हणूनच वाइनबर्ग आणि त्यांचे सहकारी आता 'विचारपूर्वक दुर्लक्ष' हेही शिकविण्याचे कौशल्य आहे, असे म्हणतात. ज्या शिक्षकाने आयुष्यभर 'पुस्तकात लक्ष द्या' असे सांगितले, त्याला हे पचायला जड जाणार, हे उघड आहे.

हुशार वाचक अधिक सहज फसतो, याचा एक पुरावा त्याआधीही मिळाला होता. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठात डोनाल्ड ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास सातवीच्या २५ मुलांना झाडावर राहणाऱ्या, नामशेष होऊ घातलेल्या ऑक्टोपसविषयीचे संकेतस्थळ दाखविले. असा प्राणी अर्थातच अस्तित्वात नाही; ते संकेतस्थळ थट्टा म्हणून तयार केलेले होते. ही मुले वाचनात चांगली म्हणूनच निवडलेली. तरीही जवळजवळ सर्वांनी त्यावर विश्वास ठेवला. गंमत अशी की, खरे सांगितल्यानंतरही काहींना ते पटेना.

२०१९ मध्ये स्टॅनफर्डच्याच गटाने ३,४४६ माध्यमिक विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी केली. अमेरिकेतील निवडणुकीत मतपेट्यांत बनावट मते कोंबली जात असल्याचा दावा करणारी अस्पष्ट चित्रफीत त्यांना दाखविण्यात आली. ती प्रत्यक्षात रशियातील होती. सोबत महाजाल उपलब्ध होते, शोध घेण्याची मुभा होती. अर्ध्याहून अधिक मुलांना ती गैरप्रकाराचा भक्कम पुरावा वाटली आणि तीन हजारांहून अधिक उत्तरांपैकी चित्रफितीच्या मूळ स्रोतापर्यंत पोहोचणारे विद्यार्थी होते केवळ तीन.

हे शिकविता येते का? एका तासाच्या व्याख्यानाने नाही, हे भारतातच दिसले. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमधील गया येथे घरोघर जाऊन सुमारे तासाभराचे प्रशिक्षण दिले होते. खोटी माहिती ओळखण्याच्या क्षमतेत त्यामुळे एकंदरीत लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांना आपल्या पक्षाविषयी घट्ट निष्ठा होती, त्यांच्यापुढे तर तो तास अगदीच अपुरा ठरला. त्यानंतरचा प्रयोग मोठा होता. बिहार सरकारच्या 'जीविका' यंत्रणेच्या सहकार्याने ५८३ गावांतील १३ ते १८ वयाच्या तेरा हजारांहून अधिक मुलांसाठी १४ आठवड्यांत चार वर्ग घेण्यात आले. आरोग्यविषयक अफवांवर मुख्य भर होता. या मुलांची पारख सुधारली आणि चार महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हाही ती टिकून होती. न शिकविलेल्या राजकीय अफवांच्या बाबतीतही ती कामी आली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे या मुलांच्या पालकांमध्येही सुधारणा आढळली. कुटुंबाच्या गटावरचे संदेश बहुधा वडीलधाऱ्यांकडून येतात आणि मोठ्यांना 'हे खोटे आहे' असे सांगणे आपल्या घरांत सोपे नसते, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाचे महत्त्व कळते. अमेरिकेतही सहा तासिकांच्या आडव्या वाचनाच्या अभ्यासाने बारावीच्या विद्यार्थ्यांत फरक पडल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे मात्रा फार मोठी लागत नाही, पण ती एकदाच देऊन भागत नाही.

ही मात्रा कोणत्या विषयाच्या तासाला द्यायची, याचे उत्तर फिनलंडने २०१६ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात वेगळे काढले. तेथे 'बहुसाक्षरता' हा स्वतंत्र विषय नाही, तर सर्व विषयांतून झिरपणारी गोष्ट आहे. आकडेवारीने दिशाभूल कशी होते हे गणितात, चित्राने कशी होते हे कलेच्या तासाला. भारतात केरळने यात पुढाकार घेतला. गोवर-रुबेला लसीविरुद्धच्या अफवांनी लसीकरणाला खीळ बसल्याचा अनुभव आल्यानंतर २०१८ मध्ये कण्णूर जिल्ह्यातील सुमारे दीडशे सरकारी शाळांत बनावट बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू झाले होते. आपल्याकडे मात्र संगणक शिक्षक, संगणक कक्ष आणि संगणकाचा तास असे तिहेरी कुंपण घालून हा विषय बंदिस्त झाला आहे. भाषेच्या शिक्षकाचा त्याच्याशी काही संबंध आहे, असे फारसे कुणाला वाटत नाही. वस्तुतः तो सर्वांत अधिक त्याचाच प्रांत आहे.

त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवादप्रणालींनी नवा पेच टाकला आहे. आडव्या वाचनासाठी निदान एक पान, त्याचा एक कर्ता, एक पत्ता असावा लागतो. संवादप्रणाली अनेक पानांचा अर्क एकाच सफाईदार परिच्छेदात देते. तेथे शेजारी चौकशी करायची तर कुणाची? दुवे दिलेले असले तरी ते उघडून त्यांत खरोखर तेच लिहिले आहे का, हे पाहण्याचा कंटाळा केला की सारे फुकट. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय 'पिसा' चाचणी २०२९ मध्ये माध्यम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता साक्षरता स्वतंत्रपणे तपासणार आहे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण आहे. शेजारची खिडकी उघडून त्याने मराठीत शोध घेतला, तर अनेकदा तोच संशयास्पद मजकूर शब्दशः उतरवलेली दुसरी पाने समोर येतात. चौकशी करायला गेलेल्याला सारे गाव एकाच घराण्याचे निघावे, तशी ही गत. इंग्रजीतील विद्यार्थ्याला भरवशाचे चार शेजारी सहज सापडतात. मराठीत ते मुद्दाम वसवावे लागतील. काही आहेतही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि आज हा कोश महाजालावर विनामूल्य वाचता येतो. मात्र जुन्या खंडांतील नोंदी त्या त्या काळातल्या आहेत, त्यामुळे नोंद कधीची हे पाहण्याची सवयही विद्यार्थ्याला लावावी लागते. आणि लस, कर्जाचे अॅप किंवा काल रात्री आलेला संदेश यांविषयी त्याला जे विचारायचे असते, त्याचे उत्तर कोशांत नव्हे, तर रोजच्या रोज शहानिशा करून मराठीत लिहिणाऱ्यांकडेच मिळू शकते. असे लिहिणारे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.