दात न पाहता

मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, आणि देवदर्शनाची रांग, घोंगड्यांची दुकाने व आकाशपाळणे यांच्या गजबजाटापासून थोडे बाजूस, जेथे बैलांचा बाजार मांडलेला असतो, तेथे घटकाभर उभे राहिले असता खरेदी या व्यवहाराचे एक फार जुने आणि मुरलेले शास्त्र पाहावयास मिळते. घेणारा शेतकरी प्रथम बैलाचा जबडा उघडून दात पाहतो. जनावर आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती की सहा दाती, की पुरते जुळलेले आहे, हे त्यास एका दृष्टिक्षेपात उमगते, आणि विकणाऱ्याने वयाविषयी सांगितलेली हकीकत त्या साक्षीपुढे टिकली तरच पुढचे बोलणे निघते. मग वशिंडावर हात, खुरांवर नजर, चार पावले चालवून पाहणे. मारका आहे काय, जू मानेवर येताच बसण्याची खोड आहे काय, याची चौकशी शेजारच्या दावणीवाल्याकडे. आणि एवढे सारे यथासांग झाल्यावर उपरण्याखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी भाव. हेडी कितीही वाक्पटू असला, त्याने शिंगे तासून व तेल चोपडून जनावर कितीही तरुण भासविले असले, तरी दात खोटे बोलत नाहीत, या भरवशावर असले बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

त्याच मुरबाड तालुक्यात धसई नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर महिन्याभरातच राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला, लहानसहान दुकानांतून कार्ड घासण्याची यंत्रे आली, वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली. पुढे त्या यंत्रांचे नवल ओसरले. परंतु नोट हाती न घेता मोबाईलवरून पैसा देण्याघेण्याची रीत आता पानाच्या टपरीपर्यंत रुजली आहे, आणि वस्तू डोळ्यांनी न पाहता विकत घेणे ही त्याच रीतीची पुढची पायरी होय. ज्या घरातील आजोबांनी दात पाहिल्यावाचून कधी बैल दावणीस बांधला नाही, त्याच घरातील नातू आज पुण्याच्या वा दिल्लीच्या कोणा अपरिचित गृहस्थाची जुनी मोटार वीस-पंचवीस छायाचित्रांवरून पसंत करतो आणि तिचा विसार घरबसल्या धाडून देतो.

हा सारा नातवाचा उतावळेपणा, असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. शहापूर तालुक्याला वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा अशी लोकलगाडीची स्थानके तरी आहेत. पण किन्हवली, डोळखांब या बाजूच्या माणसाला त्या स्थानकापर्यंत पोहोचणे हाच एक प्रवास असतो, आणि मुरबाडकराची रेल्वे तर कल्याणलाच सुरू होते. रात्री-अपरात्री घरातील माणूस आजारी पडले, तर शेवटची एस.टी. केव्हाच निघून गेलेली असते. नवी मोटार ऐपतीबाहेरची. जुन्या मोटारींचा खरा बाजार कल्याण, भिवंडी, ठाणे येथे. आणि दहा गाड्या पाहावयाच्या तर दहा दिवसांची मजुरी वा दुधाचे रतीब बुडवावे लागणार. अशा माणसापुढे मोबाईलच्या पडद्यावर शेकडो गाड्या किमतीसह उभ्या राहतात, तेव्हा तो तिकडे वळला तर नवल कसले? मारुतीने २००१ साली ‘ट्रू व्हॅल्यू’ या नावाने जुन्या गाड्यांची दालने उघडली, तेथे निदान गाडीभोवती फेरी मारता येई. २०१५ च्या सुमारास ‘कार्स२४’ व ‘स्पिनी’ यांसारख्या कंपन्या आल्या, आणि गाडी तपासण्यापासून ती दारात आणून सोडण्यापर्यंत सारे काही दूरस्थ होऊ लागले.

मात्र ‘न पाहता’ या शब्दाची थोडी फोड करावयास हवी. गाडीचा पत्रा दुरून दिसत नाही हे खरे. परंतु गाडीचे दफ्तर दुरून जितके स्वच्छ दिसते, तितके ते गाडीजवळ उभे राहूनही दिसत नाही, आणि माझ्या मते फसणारा माणूस बहुधा पत्र्यात फसत नाही, दफ्तरात फसतो.

आपल्याकडील शेतकऱ्यास हे समजावून सांगण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. जमीन घेताना तो आधी सातबारा काढतो. नाव कोणाचे, इतर हक्कांत सोसायटीचा वा बँकेचा बोजा आहे काय, मागचे फेरफार कसे झाले, हे पाहिल्यावाचून तो विसार पावती करीत नाही. मोटारीचे नोंदणीपत्र, ज्यास सारे जण आरसी बुक म्हणतात, तो मोटारीचा सातबाराच होय. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या संगणकीय दफ्तरात गाडीचा क्रमांक घातला असता नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा असल्यास तो, इतका मजकूर घरबसल्या मिळतो. मालकाचे नाव अलीकडे अर्धवट झाकलेले असते, पण उरलेल्या अक्षरांवरूनही विकणाऱ्याच्या नावाशी ताळा घालता येतो. बोजा दिसला, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्यावाचून पुढे जाऊ नये. कारण ‘हप्ते केव्हाच फिटले’ ही तोंडी कैफियत नोंदणी अधिकाऱ्यापुढे चालत नाही. महाराष्ट्रातील गाडी असेल तर वाहतूक पोलिसांची थकलेली ई-चलनेही त्याच वेळी पाहून घ्यावीत, नाही तर दुसऱ्याने तोडलेल्या सिग्नलचा दंड आपल्या पदरी पडतो.

आता दातांविषयी. मोटारीचे वय नोंदणीपत्र सांगते, पण तिची झीज सांगणारा मीटर हल्ली संगणकीय असला तरी मागे फिरविता येतो, आणि ही विद्या अवगत असलेले कारागीर आहेत. म्हणून बैलाचा पारखी जसा दातांवरून खुरांकडे वळे, तसे मीटरवरून इतर साक्षींकडे वळावे लागते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. २०१९ ची गाडी, मीटरवर केवळ अठरा हजार किलोमीटर, आणि चारही टायर २०२३ चे, असा योग जुळून आला तर मूळ टायर कोठे गेले हे विचारण्याचा ग्राहकास पूर्ण अधिकार आहे. सर्व काचांवर कंपनीची खूण एकच आहे काय, क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे काय, कंपनीच्या सर्व्हिस केंद्रातील नोंदींत किलोमीटरचे आकडे चढते आहेत काय, हे सारे छायाचित्रांतून वा व्हिडिओवरून पाहता येते. विकणाऱ्यास व्हिडिओ कॉलवर गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करावयास सांगावे, आणि तेलाचे झाकण काढून दाखवावयास सांगावे. तेथून धुराचा फुत्कार येऊ लागला, तर इंजिनाची छाती भरली आहे असे समजावे. यापेक्षाही उत्तम उपाय म्हणजे त्याच गावातील एखाद्या मेस्त्रीस हजार-पाचशे देऊन गाडी पाहण्यास पाठविणे. लाखाच्या व्यवहारात हा खर्च करताना लोक का कचरतात, हे मला आजवर कळलेले नाही.

एका दोषापुढे मात्र छायाचित्र हात टेकते, आणि तो दोष म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईतील असंख्य मोटारी टपापर्यंत बुडाल्या. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात उल्हास नदीचे पाणी असे पसरले की महालक्ष्मी एक्स्प्रेस रुळांवरच अडकून पडली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पुढच्याच महिन्यात सांगली-कोल्हापूर जलमय झाले. अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्या ज्या गाड्या निकालात काढतात, त्यांतील काही लिलावातून निघून, धुऊनपुसून, वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात ‘टकाटक’ म्हणून पुन्हा उभ्या राहतात. इंजिन चालते, रंग चकाकतो. पण तारांच्या जोडांत ओल शिरलेली असते, आणि ऐन कसाऱ्याच्या वा माळशेजच्या घाटात, धुक्यात, दिवे जातात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे काय हे पाहणे, सीटखालच्या बोल्टांवर गंज आहे काय हे पाहणे, पायपोस उचलून खालचा नमदा हुंगणे, हे त्यावरचे साधे उपाय. पैकी पहिले दोन व्हिडिओवर होतात, तिसऱ्यास नाकच लागते. म्हणून गाडी दारात आल्यावर पोचपावतीवर सही करण्यापूर्वी ही तपासणी करावी. काही कंपन्या पाच-सात दिवसांत गाडी परत घेण्याची हमी देतात. ते दिवस पै-पाहुण्यांना फेरफटका मारून आणण्यात घालविण्याऐवजी गाडी घाटात चढवून पाहण्यात घालवावेत.

पैशाच्या ठकबाजीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिचा साचा ठरीव आहे. विकणारा स्वतःस लष्करी जवान म्हणवितो, बदली झाली म्हणून गाडी मातीमोल भावाने काढावयाची असते, ओळखपत्राचे चित्र लगोलग येते, गाडी ‘कॅन्टोन्मेंटमध्ये’ असल्याने पाहता येत नाही, आणि आधी वाहतुकीचे, मग नोंदणीचे, मग ‘परत मिळणाऱ्या’ अनामतीचे पैसे मागितले जातात. गाडी मात्र नसतेच. गणवेशाविषयी आपल्या लोकांच्या मनात जो आदर आहे, त्याचाच हा अपहार. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही, एवढे ध्यानी धरले तरी अर्धी फसवणूक टळते. आणि फसलोच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तो गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

कायद्याची बाजूही ग्राहक समजतो तितकी लंगडी नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात, वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असली पाहिजे, असे कलम १५ सांगते. न पाहता घेणाऱ्याचा आधार हाच, म्हणून जाहिरातीचा मजकूर व संभाषण जपून ठेवावे. विकणारी कंपनी असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात करता येते. शहापूरच्या माणसास त्यासाठी गुरुग्राम गाठावे लागत नाही, ठाण्याचा जिल्हा आयोग पुरतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत वाहनांचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकृतता प्रमाणपत्र घेणे आवश्यक झाले आहे. ते पाहण्यास मागावे.

राहिला फेरफार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे हस्तांतर झाल्याचे विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे असते. विमा आपल्या नावे करण्यासाठीही चौदा दिवसांची मुदत आहे. परंतु आपल्याकडे हस्तांतराच्या ‘टीटी’ फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवण्याची आणि गाडी वर्षानुवर्षे पहिल्याच मालकाच्या नावे फिरविण्याची अशी काही खोड आहे की, एकेक गाडी तीन-तीन हात बदलते आणि दफ्तरास त्याचा पत्ता नसतो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले की, अशी हातोहात विकली गेलेली गाडी अपघात करील तेव्हा भरपाईची जबाबदारी दफ्तरात ज्याचे नाव आहे त्याचीच. हा निकाल विकणाऱ्याने वाचावयाचा खरा. पण घेणाऱ्यासही त्यातून एक हत्यार मिळते, कारण हस्तांतराचा अर्ज दाखल झाल्याची पावती दिसल्यावरच शेवटचा हप्ता देईन, असे त्याने म्हटले तर शहाणा विक्रेता त्यास नाही म्हणणार नाही.

गाडी ट्रकवरून उतरून अंगणात उभी राहिली की नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, काचेवर हळद-कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि पेढे वाटले जातात. नव्या मालकाच्या नावाचे नोंदणीपत्र टपालाने यावयास त्यानंतरही काही आठवडे लागतात. आणि त्या अवधीत आजोबा, सारे घर आत चहा पीत असता, एकटेच बाहेर येऊन, चष्मा पुसून, टायरवरचे ते चार आकडे वाचू पाहतात.