लोखंडी गार्ड कुणासाठी?

गाडीची सुरक्षा म्हटली की आपल्याला सीट बेल्ट आणि एअरबॅग आठवतात. ती झाली आत बसलेल्यांची. पण आपण बहुतेक जणी रस्त्यावर असतो त्या पायीच. शाळेला निघालेली मुलं, शेतावर जाणाऱ्या बाया, बचत गटाच्या बैठकीहून अंधारात परतणाऱ्या आपण. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे पाचांतलं जवळपास एक.

गाडी बनवताना या पायी चालणाऱ्याचाही विचार करतात, हे आपल्याला कुणी सांगत नाही. कार माणसाला धडकते तेव्हा आधी बंपर पायाला लागतो. मग माणूस बॉनेटवर फेकला जातो आणि डोकं बॉनेटवर किंवा पुढच्या काचेवर आपटतं. म्हणून बंपरच्या आत फोमसारखा दबणारा थर ठेवतात. बॉनेटचा पत्रा दबेल असा करतात, आणि तो व खालचं इंजिन यांत मोकळी जागा सोडतात. काही महागड्या गाड्यांत धडक बसताच बॉनेट मागून आपोआप थोडं उचललं जातं.

मूल गोधडीवर पडलं तर रडून गप्प होतं, शहाबादी फरशीवर पडलं तर टाके पडतात. तसंच हे आहे. पत्र्याला पोचा पडतो, तेव्हा मार पत्रा सोसतो. युरोपात १९९७ पासून नव्या गाड्यांची अशी चाचणी घेतात. माणसाच्या डोक्यासारखे आणि पायासारखे नमुने गाडीवर आदळून बघतात.

आणि आपण काय करतो? नवी गाडी आली की हार घालतो आणि पुढे लोखंडी गार्ड ठोकतो. तो पाइप दबत नाही. सगळा मार एकाच जागी बसतो. मोठ्या माणसाच्या मांडीला लागेल तो पाइप लहान मुलाच्या छातीला, डोक्याला लागतो. शिवाय गार्ड थेट चासीला जोडलेला असतो. त्यामुळे धक्क्याचा अंदाज चुकून एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. म्हणजे आतलेही सुरक्षित नाहीत. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो गाडीतला बेकायदा बदल ठरतो.

आमच्या एका गटात ताईंनी मुलाच्या गाडीसाठी कर्ज मागितलं. कोटेशनमध्ये गार्डचेही पैसे होते. मुलगा म्हणाला, "जनावर आडवं आलं तर गाडी वाचते." आम्ही विचारलं, "आणि तुझी आई आडवी आली तर?" तो काही बोलला नाही. गटाने कर्ज दिलं, गार्डचे पैसे वगळून. पोचा गॅरेजमध्ये काढता येतो.

अर्थात, भरधाव गाडीपुढे दबणारा पत्राही पुरा पडत नाही. वेग आवरायलाच हवा. पण आज घरी गेल्यावर दारातल्या गाडीपुढे आपल्या लेकराला उभं करून बघा. गार्डचा पाइप त्याच्या कुठे येतो? मग तो ठेवायचा की काढायचा, हे घरात बसून ठरवा.