नववीत नवोदयला गेलेले लेकरू

नवेगावबांधच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला पोर लागले की गावात पेढे वाटतात. नववीत रिकाम्या जागांसाठी परीक्षा देऊन जे जाते, त्याची खरी परीक्षा मात्र तिथे पोचल्यावर सुरू होते. बाकीची मुले सहावीपासून सोबत राहिलेली. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही सदने, पहाटेची पीटी, घंटेवरचे जेवण त्यांच्या अंगवळणी पडलेले.

त्यात भाषा. नवोदयमध्ये सुरुवातीची वर्षे मातृभाषेतून शिकवतात. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रे हिंदीत. जुनी मुले हा बदल तिथेच पचवतात, नव्याला तो एकाच दिवशी गाठतो. अपूर्णांक येणारे पोर 'फ्रॅक्शन' ऐकून गप्प बसते आणि गप्प पोराला ढ ठरवायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, निकाल लागताच गणित-विज्ञानाचे शब्द दोन्ही भाषांत वहीत लिहून घ्या. महागड्या शिकवणीपेक्षा ती वही कामी येते.

पैशाची धास्ती नको. नववीपासून विद्यालय विकास निधी घेतात, पण अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि सर्व मुलींना तो माफ आहे.

पहिल्या महिन्यात पोर रडते. आई म्हणते, "घेऊन या परत." अशा वेळी आम्ही बापाला थांबवतो, भेटा, धीर द्या, पण पेटी उचलू नका. मारहाण झाली किंवा कुणी जातीवरून बोलले, तर मात्र त्याच दिवशी जा, प्राचार्यांना लेखी द्या आणि पोच घ्या.