पैसे आधी भरले, तरी नंबर उशिरा का लागतो?

समजा, सक्करदरा चौकातल्या एखाद्या खासगी दवाखान्याची १०.२० ची वेळ तुम्ही मोबाइलवर घेतली आणि फी तिथेच भरली. वेळेवर पोचलात, पण आत गेलात सव्वाअकराला. मग भरले कशाचे पैसे?

तुम्ही वेळ निवडली की सिस्टिम ती काही मिनिटं तुमच्यासाठी अडवून ठेवते. पैसे मिळाल्याचा निरोप आला की ती पक्की, नाही तर सुटते. निरोप उशिरा आला तर कधीकधी पैसे कटतात अन् नंबर मात्र दुसऱ्याला गेलेला असतो.

आता उशीर. सरासरी दहा मिनिटं धरली, तरी एक पेशंट चार मिनिटांत उठतो, दुसऱ्याला पंचवीस लागतात. वाचलेली सहा मिनिटं पुढचा आलेला नसेल तर वायाच जातात. जास्तीची पंधरा मात्र मागच्या सगळ्यांच्या माथी बसतात. ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये यावर गणित मांडलं: सुरुवातीला दोघांना बोलवा, मग सरासरी वेळेच्या अंतराने एकेक. डॉक्टर रिकामे बसत नाहीत, बाहेर गर्दीही आवरते.

न येणाऱ्यांची भरपाई म्हणून काही ठिकाणी एकाच वेळेवर दोघांना नंबर देतात. पण आगाऊ फी घेतात तीही न येणारे कमी व्हावेत म्हणूनच ना? दोन्ही एकदम करणं मला तरी पटत नाही. रोजी बुडवून आलेल्याला हा तास महागात पडतो. म्हणून बुक करण्याआधी फोन करून विचारा: एका वेळेला किती नंबर देता?