गिटारचा सूर फुलवणारे पेडल : परवडेल असे कसे निवडावे?



स्नेहसंमेलन जवळ आले की वाद्यवृंदातील मुलांच्या घरी नव्या वस्तूंची मागणी सुरू होते. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुलांच्या यादीत 'व्हॉल्यूम स्वेल'चे पेडल हमखास असते. ते काय असते, घ्यावे का, आणि घ्यायचेच तर पैसे वाया न घालवता कसे घ्यावे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

गिटारची तार छेडली की आधी जोराचा ठोका ऐकू येतो आणि मग सूर विरत जातो. व्हायोलिनचे तसे नाही. गज हलकेच फिरू लागला की सूर हळूहळू भरत जातो. आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून व्हायोलिन शिकवले जात असे, त्यामुळे हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. गिटारवर तार छेडताना आवाज बंद ठेवायचा आणि ठोका निघून गेल्यावर तो वाढवत न्यायचा, म्हणजे गिटारही गजाने वाजवल्यासारखी वाटते. यालाच व्हॉल्यूम स्वेल म्हणतात. बीटल्सच्या १९६५ सालच्या 'आय नीड यू' या गाण्यात जॉर्ज हॅरिसन यांच्या गिटारवर हा परिणाम ऐकू येतो.

हे करण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग फुकट आहे. गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब करंगळीने फिरवायचा. एडी व्हॅन हेलन यांनी १९८२ साली 'कॅथीड्रल' ही रचना अशीच, नॉब आणि प्रतिध्वनीच्या साहाय्याने वाजवली. काही गिटारींवर नॉब हातापासून लांब असतो, तेथे हे अवघड जाते. तरीही पेडल घेण्याआधी महिनाभर हा सराव करावाच. सूर कधी उघडायचा हे कानाला कळले नाही, तर पेडल घेऊनही उपयोग होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पायाने दाबायचे व्हॉल्यूम पेडल. साध्या, म्हणजे 'पॅसिव्ह' पेडलला बॅटरी किंवा अॅडॉप्टर लागत नाही. नवशिक्यांनी हेच घ्यावे असे आम्हांस वाटते.

तिसरा मार्ग स्वयंचलित पेडलचा. तार छेडली की ते आपोआप आवाज वाढवते. बॉस कंपनीचे १९७९ साली आलेले 'स्लो गिअर' हे त्यातले प्रसिद्ध पेडल. त्याचे उत्पादन काही वर्षांतच थांबले, आणि आज जुने नग फार महाग मिळतात. अशा पेडलला दोन सुरांमध्ये मोकळी जागा लागते. भरभर वाजवले तर ते गोंधळते. आपल्याकडे मल्टी-इफेक्ट यंत्र असेल, तर त्यात 'स्लो अटॅक', 'स्लो गिअर' किंवा 'ऑटो स्वेल' आहे का ते आधी पाहावे. असेल तर वेगळा खर्च कशाला?

आता खरेदीतली मोठी चूक सांगतो. गिटारसाठी 'हाय इम्पीडन्स' पेडल लागते, ज्यावर साधारणपणे २५० किलोओम असे लिहिलेले असते. कीबोर्डसाठीचे 'लो इम्पीडन्स' पेडल सहसा २५ किलोओमचे असते. ते साध्या गिटारला थेट लावले की तारांची झळाळी जाते आणि आवाज बोदा होतो. मग मुलाला वाटते की आपली गिटारच खराब आहे, किंवा आपल्यालाच वाजवता येत नाही. बॉसच्या 'एफव्ही-५००' पेडलवर शेवटी 'एच' म्हणजे हाय आणि 'एल' म्हणजे लो. एका अक्षराने पैसे पाण्यात जाऊ शकतात! 'एक्स्प्रेशन पेडल' ही आणखी वेगळी वस्तू. त्यातून आवाज जात नाही, ते फक्त दुसऱ्या यंत्राला सूचना देते.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्यावी. टाच पूर्ण दाबल्यावर आवाज बंद झाला पाहिजे. पंजा पूर्ण दाबल्यावर, पेडलशिवाय येतो तितकाच स्वच्छ आवाज आला पाहिजे. वापरलेले पेडल स्वस्तात मिळत असेल तर ते सावकाश वरखाली करून पाहावे. खरखर ऐकू आली तर आतला भाग मळलेला किंवा झिजलेला आहे असे समजावे. काही पेडलमध्ये आत दोरी असते, ती शाबूत आहे ना हेही विचारावे.

घरी आणल्यावर पेडल डिस्टॉर्शनच्या नंतर आणि डिलेच्या आधी जोडावे, म्हणजे पाय उचलला तरी मागचा प्रतिध्वनी तुटत नाही. स्वयंचलित पेडल मात्र गिटारच्या लगेच पुढे लावावे.

पालकांना आमची एवढीच विनंती, की मुलाने करंगळीने एक सूर नीट फुलवून दाखवला, तर त्याला पेडल जरूर घेऊन द्यावे. विश्वस्तांनी संगीत विभागासाठी हाय इम्पीडन्सचे एकच साधे पेडल घेतले, तर ज्यांना घरी घेणे शक्य नाही अशा मुलांनाही ते पाळीपाळीने वापरता येईल.